जुन्या रोडस्टरचं आतलं काम: शिवण, पुठ्ठा आणि चिकट बटणं

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना आलेले 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागचे दोन एपिसोड इंजिन आणि ब्रेकवर झाले. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं की जुनी गाडी आतून कशी सुधारायची. फाटलेलं सीट, सुटलेला दाराचा पॅड, चिकट झालेली बटणं, तुटलेल्या क्लिपा वगैरे. आज त्यावर बोलू. माझं उदाहरण स्पोर्ट्स कारचं आहे, पण यातलं बहुतेक सगळं तुमच्या पंधरा वर्षांच्या सेडानलाही लागू पडतं.

आधी गाडीची ओळख. मी नोकरीसाठी जपानमध्ये, योकोहामाजवळ राहतो. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. गाडी आहे १९९२ची युनोस रोडस्टर. जगभर हिला माझदा एमएक्स-५ किंवा मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानात 'युनोस' या नावाखाली विकायला आली. दोन सीट, कापडी छत, उघडमीट करणारे हेडलाइट, १.६ लिटरचं इंजिन आणि वजन साधारण ९४० किलो. २०१६मध्ये या मॉडेलच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाख गाड्या पूर्ण झाल्या.

माझी गाडी व्ही-स्पेशल आहे. हे व्हर्जन १९९०मध्ये आलं. बाहेरून गडद हिरवी, आतून टॅन रंगाचं चामडं, लाकडी नार्डी स्टिअरिंग आणि लाकडी गिअर नॉब. दिसायला फारच देखणी. पण टॅन चामडं काहीच लपवत नाही. काळ्या सीटवर जो घासा दिसतही नाही, तो टॅनवर दुरून दिसतो.

आता प्रश्न कुठे आला ते सांगतो. जपानात खाजगी गाडीला दर दोन वर्षांनी शाकेन करावं लागतं, म्हणजे सक्तीची तपासणी. त्यात टॅक्स, विमा, दुरुस्ती असं सगळं एकदम अंगावर येतं. शिवाय पेट्रोल गाडी तेरा वर्षांपेक्षा जुनी असेल तर वार्षिक टॅक्स साधारण १५ टक्के जास्त. वर पार्किंगचं महिन्याचं भाडं. माझं शाकेन जुलैमध्ये होतं. जानेवारीत बायकोनं शांतपणे विचारलं, "अरे, या गाडीत मी शेवटची कधी बसले?" मला आठवेना. ती म्हणाली, "एवढे पैसे भरायचे तर निदान तिच्यात बसावंसं तरी वाटायला हवं. नाहीतर विकू या."

तिचं म्हणणं बरोबर होतं. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड फाटलेली आणि आतून फोमचा भुगा यायचा. पांढरी पँट घालून बसलं की उतरताना मागे तपकिरी डाग. डाव्या दाराचा पॅड खालून सुटून वाजायचा. गिअरपाशी गरम हवा यायची. इंजिन एकदम ठणठणीत, पण माणूस इंजिनवर बसत नाही ना, सीटवर बसतो! तर जुलैपर्यंत गाडी बसण्यालायक झाली नाही तर विकायची, असं ठरलं.

नवीन चामड्याचा तयार सेट मिळतो. त्याची किंमत माझ्या गाडीच्या हिशेबात बसत नव्हती. मग मी कोल्हापूरला मामाला फोन लावला.

माझ्या मामाचं उद्यमनगरात कुशनचं दुकान आहे. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, टू-व्हीलर, जे येईल त्याचं सीट तो बांधतो. पस्तीस वर्षं हेच काम. मी व्हिडिओ कॉलवर फाटलेलं सीट दाखवलं आणि विचारलं की मामा, नवीन कव्हर घालू का. तो म्हणाला, "आधी पूस की लेका! मळ हाय का फाटलंय, ते तरी कळू दे."

पहिलं काम: निदान

आतलं सामान चार वेगवेगळ्या प्रकारे खराब होतं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. आपण सगळ्याला 'जुनं झालं' म्हणतो आणि इथेच पैसे वाया जातात.

पहिला प्रकार, मळ. घाम, तेल, धूळ यांचा थर चामड्यावर बसतो आणि ते काळपट, चकचकीत दिसतं. नवं चामडं मॅट असतं. तुमचं सीट चकाकत असेल तर ती बहुतेक वेळा घाण असते. चामड्याचा सौम्य क्लीनर, मऊ ब्रश, थोडं पाणी. एका वेळी वहीच्या पानाएवढा भाग घ्यायचा, फेस काढायचा आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचा. मला वाटत होतं प्रवासी बाजूचं सीट रंगवावं लागेल. ते नुसतं धुऊन काम झालं. एक रविवार गेला, खर्च एका बाटलीचा.

दुसरा प्रकार, घासलं जाणं. गाडीतलं चामडं उघडं नसतं. त्यावर रंगाचा थर असतो आणि त्याच्या वर पारदर्शक संरक्षक थर. तुम्ही हजारो वेळा चढता-उतरता तेव्हा आधी वरचा थर जातो, मग रंग, आणि मग खालचं चामडं दिसायला लागतं. रोडस्टर इतकी बुटकी आहे की तुम्ही तिच्यात बसत नाही, घसरत आत जाता. जपानात स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे ड्रायव्हर सीटची दाराकडची, म्हणजे उजवी कड सगळ्यात आधी जाते. जुनी गाडी विकत घेताना ही कड बघायची. मीटर काहीही दाखवू दे, किती वेळा माणूस चढला-उतरला ते ती कड सांगते.

तिसरा प्रकार, रसायनाचं म्हातारपण. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर घातलेलं असतं. उन्हात ते हळूहळू बाहेर पडतं. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून जो तेलकट धुरकट थर येतो ना, त्यात हे बरंच असतं. ते निघून गेलं की रेक्झिन आकसतं, कडक होतं आणि तडकतं. वरून कितीही पॉलिश लावलं तरी ते परत आत जात नाही. पॉलिशनं चमक येते, मऊपणा येत नाही.

चौथा प्रकार, तुटणं, उसवणं. शिवण सुटली, क्लिप तुटली, स्क्रूचं कान तुटलं. हे दिसायला सगळ्यात वाईट आणि दुरुस्तीला बऱ्याचदा सगळ्यात सोपं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. बग कुठला आहे ते न बघता अख्खं मॉड्यूल परत लिहायला घ्यायचं नसतं.

दाराचा पॅड: पाणी कुठून येतं ते आधी

दाराचा पॅड आतून हार्डबोर्डचा असतो, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला पुठ्ठा, वर रेक्झिन. मागे प्लास्टिकच्या क्लिपा असतात, त्या दाराच्या पत्र्यातल्या भोकांत बसतात. पुठ्ठा भिजला की फुगतो, भोकं मोठी होतात, क्लिपा निसटतात आणि पॅड वाजायला लागतो.

मला हे काम करताना कळलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे, दाराच्या आत पाणी जाणं हा बिघाड नाही. ते तसंच बनवलेलं आहे. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत जातं आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट गोंदानं लावलेला असतो. पाणी पोकळीतच राहावं, पॅडकडे येऊ नये, एवढंच त्याचं काम. कधीतरी कोणीतरी स्पीकर बसवताना किंवा काच दुरुस्त करताना तो पडदा फाडतो, परत नीट लावत नाही, आणि दहा वर्षांनी पॅड कुजतो.

त्यामुळे क्रम असा. आधी तळाची भोकं मोकळी करा. मग पडदा बदला, जाड प्लास्टिकची शीट आणि ब्यूटाइलची चिकट दोरी पुरते. पॅडला हात त्यानंतर लावा. नाहीतर आपण छान केलेला पॅड पुढच्या पावसाळ्यात परत फुगणार. जपानात जून-जुलैमध्ये त्सुयु म्हणजे सलग पाऊस आणि दमट हवा असते. कोल्हापूरच्या पावसात वाढलेल्या माणसाला ते काही नवीन नाही, पण हार्डबोर्डला दोन्ही सारखेच.

फुगलेला पुठ्ठा मी दोन फळ्यांमध्ये वजनाखाली आठवडाभर वाळवला. कडांना पातळ केलेला लाकडाचा गोंद पाजला, म्हणजे सुटे झालेले थर परत धरतात. क्लिपांची फाटलेली भोकं मागून पातळ प्लास्टिकचा तुकडा चिकटवून, नवीन खाच पाडून पक्की केली. पुठ्ठा हातात चुरत असेल तर मात्र तो वाचवायच्या फंदात पडू नका. त्याचीच बाह्यरेषा तीन मिलिमीटरच्या प्लायवर किंवा एबीएस शीटवर आखा, कापा आणि जुनं रेक्झिन त्यावर ओढून घ्या.

क्लिपांबद्दल एक टीप. तीस वर्षांचं प्लास्टिक थंडीत काचेसारखं फुटतं. पॅड काढण्याआधी खोली उबदार ठेवा किंवा हेअर ड्रायरनं कड गरम करा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर न वापरता प्लास्टिकची पट्टी वापरा. आणि दहा क्लिपा लागत असतील तर पंधरा आणून ठेवा. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो काढायचा. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, एका खणात एका जागचे. हे आपलं व्हर्जन कंट्रोल समजा.

सीट: शिवण आणि फोम

सीट बाहेर काढल्याशिवाय हे काम नीट होत नाही. चार बोल्ट असतात. परत बसवताना ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनंच घट्ट करायचे, कारण अपघातात तुम्हाला धरून ठेवणारी साखळी तिथून सुरू होते.

कव्हर खालून तारेच्या छोट्या कड्यांनी अडकवलेलं असतं. त्या कापल्या की कव्हर मोज्यासारखं उलटं सोलता येतं. माझ्या सीटची शिवण चार बोटं उसवली होती. मी मामाला म्हटलं, खूप मजबूत नायलॉनचा दोरा घेतो, परत कधी उसवणारच नाही. मामा हसला. म्हणाला, "दोरा कातड्यापेक्षा ताकदीचा घेतलास की कातडं फाटतंय. दोरा तुटला तर परत शिवशील, कातडं फाटलं तर काय करशील?"

मी चार वर्षं बीटेक केलं. ताण आला की स्वस्त आणि बदलता येणारा भाग आधी तुटला पाहिजे, हे आम्हाला फ्यूजच्या धड्यात शिकवलं होतं. मामानं तेच एका वाक्यात सांगितलं. त्यानं बॉन्डेड पॉलिएस्टरचा मध्यम जाडीचा दोरा घ्यायला लावला. उन्हात पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा जास्त टिकतो.

शिवताना शक्यतो जुन्याच भोकांतून सुई घालायची. प्रत्येक नवीन भोक म्हणजे पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी एक फाटायची रेघ. पण जुनी भोकंच ओढली जाऊन लांबट झाली असतील तर मागून पातळ, न ताणलं जाणारं कापड लवचीक गोंदानं चिकटवायचं आणि कापडासकट शिवायचं. मग ओढ कापड घेतं, चामडं घेत नाही. वाकडी सुई आणि चांभाराची आरी, एवढीच हत्यारं. मी पहिल्या संध्याकाळी दोन इंच शिवलं. मामा तेवढ्या वेळात जीपची दोन सीटं करतो.

फोमचं सांगतो. बाजूचा उंचवटा बसलेला असेल तर नुसतं वरचं चामडं रंगवून उपयोग नाही. खाली आधार नसल्यानं ते परत त्याच घडीवर मोडतं आणि रंग तडकतो. मामाची परीक्षा सोपी आहे: अंगठ्यानं दाबायचं, सोडायचं. वर आला तर फोम जिवंत. हळू आला तर वाफ देऊन बघायची, कपड्यांच्या स्टीमरनंसुद्धा थोडा फुलतो. हातात भुगा आला तर तेवढा भाग कापून नवा तुकडा चिकटवायचा. आपल्याकडे फोम डेन्सिटीवर मिळतो. बसायच्या भागाला ३२ चालेल, पण कडेला ४० घ्यायचा, असं त्याचं मत. आणि तुकडा जुन्यापेक्षा किंचित मोठा कापायचा, म्हणजे कव्हर ताणून बसतं आणि सुरकुत्या जातात.

चामड्याचा रंग

हे काम लोकांना जादूसारखं वाटतं. पण यात नव्वद टक्के तयारी आहे.

क्लीनरनं धुतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, कारण आधीच्या पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर रंग धरत नाही. मग ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासायचं. फक्त सुटलेला रंग आणि उभे राहिलेले धागे गेले पाहिजेत. भेगा असतील तर चामड्याची लवचीक लांबी मिळते. भिंतीला लावतो तशी जाड लावायची नाही. पातळ थर, वाळवा, घासा, परत पातळ थर. जाड थर एकदा सीटवर बसलं की खपलीसारखा निघतो.

मग रंग. माझ्या गाडीचा मूळ टॅन कुठे शिल्लक होता? हेडरेस्टच्या खाली, जिथे ऊन आणि हात दोन्ही पोचत नाहीत. पण एक मेख आहे. बाकीचं सीट तीस वर्षांत उतरलंय. तुम्ही मूळ रंगाशी जुळवलं तर दुरुस्त केलेली कड ठिगळासारखी उठून दिसणार. म्हणून जुळवायचं ते शेजारच्या, आज दिसणाऱ्या रंगाशी. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, त्यामुळे लपलेल्या जागी ठिपका लावा, पूर्ण वाळवा आणि दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो.

लावायला ब्रश नको, स्पंज घ्या. ओढायचा नाही, टिपायचा. पाच-सहा पातळ थर, मध्ये हेअर ड्रायर. शेवटी मॅट संरक्षक थर. तो विसरलात तर रंग पँटवर येणार, म्हणजे आमच्या घरात मूळ तक्रार जिथे सुरू झाली तिथेच परत.

गिअरची गरम हवा

गिअरपाशी जो चामड्याचा पायघोळ असतो, त्याच्या खाली रबराचे बूट असतात. ते खालची उष्णता, आवाज आणि धूळ अडवतात. रबर तीस वर्षांत फाटतं. मग गरम हवा वर येते आणि वरचं चामडं सुकून चिरतं. म्हणजे वरचा पायघोळ फाटलाय हे लक्षण, रोग खाली आहे. रबरी बूट आधी बदलला, मग वरचा पायघोळ शिवून घेतला. केबिन लगेच शांत झाली. वरवरच्या कामात सगळ्यात जास्त फरक पडला तो या न दिसणाऱ्या पार्टनं.

प्लास्टिकची कानं आणि चिकट बटणं

प्लास्टिकचा पार्ट तुटला की आधी तो उलटा करून बघा. बऱ्याच पार्ट्सच्या मागे कोनी कंसात नाव कोरलेलं असतं: एबीएस, पीपी वगैरे. एबीएस असेल तर नशीब चांगलं. एबीएसचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशी करायची आणि तुटलेल्या जागी भरायची. ॲसिटोन उडून जातं आणि प्लास्टिक एकजीव होतं. मागून बारीक तारेची जाळी दाबली तर आणखी पक्कं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर ॲसिटोन त्याला काहीच करत नाही आणि साधे गोंदही धरत नाहीत. तिथे गरम करून वेल्डिंग किंवा त्यासाठीचाच खास गोंद लागतो. लोक दोन्हीला एकच गोंद लावतात आणि मग गोंदाला शिव्या देतात.

आता सगळ्यात जास्त मेसेज आलेला प्रश्न: चिकट बटणं. १९९०च्या दशकाच्या शेवटापासून बऱ्याच महागड्या गाड्यांत प्लास्टिकवर मखमली स्पर्शाचा पॉलियुरेथेनचा लेप द्यायची फॅशन आली. माझ्या गाडीत तो नाही, पण मित्राच्या गाडीचं काम मी केलंय. हवेतल्या ओलाव्यानं हा लेप हळूहळू विघटित होतो आणि गुळासारखा चिकट होतो. मुंबई, गोवा, कोकणात हे लवकर होतं. बरेच जण त्यावर पावडर मारतात किंवा वरून रंग देतात. काही महिन्यांत परत तेच. लेप पूर्ण काढणं हाच इलाज. बटण सुटं करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं मऊ करा, प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. कडेला आधी चाचणी घ्या, कारण बटणावरची चिन्हं फक्त लेपावर छापलेली असतील तर तीही जातील. खालचं साधं काळं प्लास्टिक निघतं. ते मखमली नसतं, पण बोटाला चिकटत नाही.

जिथे हात आखडता घ्यायचा

तीन गोष्टी गंभीरपणे सांगतो.

एक, एअरबॅग. माझ्या नार्डी स्टिअरिंगमध्ये ती नाही, तुमच्यात असेल. बॅटरीची वायर काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय स्टिअरिंग किंवा डॅशला हात लावू नका. पिवळे कनेक्टर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे, त्यांना मीटर लावून तपासत बसू नका. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती शिवण घरी शिवायची नाही आणि त्यावर बाजारचं कव्हरही चढवायचं नाही. ती शिवण ठरवून फाटण्यासाठीच केलेली असते.

दोन, सीट बेल्ट. रंगवायचा नाही, ब्लीच करायचा नाही, शिवायचा तर अजिबात नाही. धागे निघाले असतील तर बदला. इथे काटकसर नको.

तीन, वास. ॲसिटोन आणि फेविबॉन्डसारखे गोंद बंद खोलीत वापरू नका. डोकं तर दुखतंच, पण वाफ आगही पकडते. गॅलरीत देवाचा दिवा लावलेला असेल तर आधी तो शांत होऊ द्या.

काय तसंच ठेवलं

स्टिअरिंगच्या लाकडावर 'दहा वाजून दहा मिनिटांच्या' जागी वार्निश झिजलंय. माझदानं २०१७मध्ये या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जपानात रिस्टोरेशनची सेवा सुरू केली आणि काही पार्ट परत बनवायला घेतले. त्यात नार्डीचं लाकडी स्टिअरिंग आणि गिअर नॉबसुद्धा आहे. म्हणजे पैसे असतील तर नवं मिळतं. मी घेतलं नाही. आधीच्या मालकानं ही गाडी अठ्ठावीस वर्षं चालवली. झीज नेमकी तिथे आहे जिथे माझे हात पडतात. लाकूड तडकलेलं नाही, फक्त गुळगुळीत झालंय. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

माझा नियम आता असा आहे: जी झीज पुढे वाढत जाते ती थांबवायची. जी नुसती दिसते ती राहू द्यायची. उसवलेली शिवण रोज एक टाका पुढे जाते, म्हणून ती आधी. फाटका पडदा दर पावसात पुठ्ठा खातो, म्हणून तो आधी. गुळगुळीत लाकूड कुठेही जात नाही.

हिशेब सांगतो. फेब्रुवारी ते मे, बहुतेक रविवार. सामानाचे सगळे मिळून साधारण तीस हजार येन. जुलैमध्ये शाकेन झालं. विकायचा विषय सध्या मागे पडलाय. बायको आता स्वतःहून चावी मागते. मला वाटत होतं हे माझं यश आहे, पण ती म्हणाली, "तुझं नाही, मामांचं."

मामाबद्दल शेवटचं. त्याच्या दुकानात पूर्वी तीन कारागीर होते, आता तो एकटा आहे. रेडीमेड कव्हर आली, लोक ऑनलाइन मागवतात, सीटचं मूळ कापड फाटलं तर त्यावरच चढवतात. माझा मामेभाऊ बँकेत आहे आणि मामाचीच तशी इच्छा होती. चार महिने मी त्याला दर रविवारी फोन करून त्याचा वेळ खाल्ला. शेवटी मी म्हटलं, मामा, तुला काहीतरी पैसे पाठवतो. तो म्हणाला, "पैसं नगं. गिऱ्हाईक पाठव."

म्हणून हे सांगतोय. तुमच्या गावात, तुमच्या पेठेत, एसटी स्टँडच्या मागे असा एखादा कुशनवाला अजून असेल. फाटलेलं सीट घेऊन आधी त्याच्याकडे जा. दोरा कुठला, फोम किती डेन्सिटीचा, शिवण कुठून घालणार, हे विचारा. त्याला असे प्रश्न कोणी विचारत नाही, तो मनापासून सांगेल. आणि तो जे पैसे सांगेल त्यात घासाघीस करू नका.

पुढच्या एपिसोडमध्ये कापडी छत आणि पिवळी पडलेली मागची प्लास्टिकची काच. तुमच्या गाडीच्या आतलं काही अडलं असेल तर फोटोसकट पाठवा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि त्याआधी, मामा म्हणतो तसं, एकदा पुसून घ्या. भेटू.